प्राचीन ग्रीकचा भूतकाळ: शाळेतलं संस्कृत थोडं आठवत असेल तर निम्मं काम झालंय

ग्रीक शिकायला घेतलं की पहिले दोन-तीन आठवडे मजेत जातात. अक्षरं अर्धी ओळखीची निघतात, अल्फा बीटा थीटा पाय सिग्मा सगळे शाळेच्या गणितात भेटून गेलेले असतात, वर्तमानकाळही पाठ होतो, आणि मग एक दिवस भूतकाळाचं पान उघडतं आणि निम्मी मंडळी तिथेच गळतात. कारण तिथे एक नाही, चार भूतकाळ असतात. मीही गळाले होते, नंतर परत आले, तेव्हा लक्षात आलं की माझी अडचण ग्रीक नव्हतीच. पुस्तक इंग्रजीत होतं म्हणून मी ग्रीकचं आधी इंग्रजी करायचे आणि मग त्याचं मराठी, आणि या दोन उड्यांमध्ये अर्थ कुठेतरी सांडायचा. मराठीतून थेट गेलं तर रस्ता बराच सपाट आहे, आणि आठवी ते दहावी संस्कृत घेतलं असेल तर काय बोलायलाच नको.

लिहिण्याबद्दल एक. ग्रीक शब्द मी इथे देवनागरीतच देतेय. ग्रीकमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए वेगळे (एप्सिलॉन आणि ईटा), ओ सुद्धा वेगळे (ओमिक्रॉन आणि ओमेगा), देवनागरीत दोघांना एकच चिन्ह आहे, तेवढं सांभाळून घ्या. जुन्या अथेन्सच्या उच्चारात थ, फ, ख हे अगदी आपल्यासारखे महाप्राण होते. इंग्रजी पुस्तकं हे समजावताना घाम गाळतात, आपल्याला फुकट मिळतं. फक्त फ हा ‘फळ’मधला खरा फ, ‘फॅन’मधला नाही.

आधी मराठीत वाटण्या करा

धडा उघडायच्या आधी एक कागद घ्या आणि ‘लिहिणे’ची चार रूपं लिहा: लिहीत होतो, लिहिलं, लिहिलंय, लिहिलं होतं. ग्रीकचे चार भूतकाळ म्हणजे जवळपास हेच चार. पहिला अपूर्ण भूतकाळ, त्यात ‘लिहायचो’ पण येतं, म्हणजे आपला रीतिभूतकाळ त्याच खोक्यात टाका. दुसरा ऑरिस्ट, साधं ‘लिहिलं’, झालं आणि संपलं. तिसरा पर्फेक्ट, ‘लिहिलंय’, म्हणजे काम मागे झालं पण त्याचा निकाल आत्ता समोर आहे. आपलं व्याकरण याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतं आणि ग्रीकच्या बाबतीत हे नाव जास्त बरोबर बसतं. चौथा प्लुपर्फेक्ट, ‘लिहिलं होतं’, तो फार कमी भेटतो.

ऑरिस्ट या नावाला घाबरू नका. मूळ शब्द आओरिस्तोस, त्यातला पहिला आ म्हणजे आपला ‘अशक्य’, ‘अमर्याद’मधला नकाराचा अ, आणि पुढे हद्द आखणे. हद्द न आखलेला. काम किती वेळ चाललं, किती वेळा झालं, याबद्दल हा काळ काही बोलत नाही, नुसतं झालं एवढंच सांगतो. अपूर्ण भूतकाळाला ग्रीक लोक पाराताटिकोस म्हणायचे, म्हणजे ताणलेला, लांबवलेला. नावातच सगळं आहे.

संस्कृतमध्ये आधी अ लावायचा, इथे तो ए असतो

शाळेत प्रथम भूतकाळ कसा करायचो? धातूच्या आधी अ. गच्छति, अगच्छत्. ग्रीकमध्ये तसाच ए लागतो, आणि हा योगायोग नाही, दोन्ही भाषांनी एकाच आजीकडून घेतलेला दागिना आहे. सगळ्यात भारी उदाहरण फेरो, म्हणजे मी वाहून नेतो, संस्कृतचं भरामि (आपला ‘भार’ त्याच भृ धातूचा). आता शेजारी शेजारी वाचा, मोठ्याने:

एफेरोन – अभरम्
एफेरेस – अभरः
एफेरे – अभरत्
एफेरोमेन – अभराम
एफेरेते – अभरत
एफेरोन – अभरन्

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच खुर्चीतून उठले होते. एक गोष्ट नीट बघा, ‘मी नेत होतो’ आणि ‘ते नेत होते’ दोन्ही एफेरोन. पुस्तकं हे नुसतं पाठ करायला सांगतात. कारण साधं आहे, ग्रीकला शब्दाच्या शेवटी म चालत नाही, त्याचा न होतो, आणि शेवटचा त गळून पडतो. म्हणजे अभरम्‌चा म न झाला, आणि अनेकवचनात मुळात शेवटी न्त् होतं त्यातला त गेला, दोघं येऊन एकाच रूपात बसले. संस्कृतनेही तिथे त् टाकलाच, पण म आणि न वेगळे ठेवले म्हणून आपला गोंधळ होत नाही. वाक्यात कर्ता बघितला की कोणता एफेरोन ते कळतं.

धातू स्वराने सुरू होत असेल तर ए वेगळा दिसत नाही, स्वर लांब होतो. आगो (मी नेतो, हाकतो) याचं एगोन, आकूओ (मी ऐकतो) याचं एकूओन, ऱ्हस्व ए दीर्घ होतो, ऱ्हस्व ओ दीर्घ होतो. संस्कृतमध्ये इच्छति-ऐच्छत् होतं तसंच काहीसं. मोजके हट्टी आहेत, एखो (माझ्याकडे आहे) याचं एइखोन होतं, ते भेटतील तसे शिकायचे.

उपसर्ग असेल तर ए उपसर्गाच्या आणि धातूच्या मध्ये शिरतो. इथे सगळे नवशिके आपटतात, आणि इथेच आपण ‘उपविशति-उपाविशत्’ आठवायचं. आपोग्राफो (नोंद करतो) याचं आपेग्राफोन, आपोचा ओ गेला आणि ए आला. पेरीग्राफोचं मात्र पेरीएग्राफोन, कारण पेरीचा शेवटचा स्वर जागा सोडत नाही.

अपूर्ण भूतकाळ बनवा

वर्तमानकाळाचा धातू घ्या, पुढे ए लावा, मागे वरचे प्रत्यय. ग्राफो (मी लिहितो): एग्राफोन, एग्राफेस, एग्राफे, एग्राफोमेन, एग्राफेते, एग्राफोन. बस, झालं. आत्मनेपदाचे प्रत्यय वेगळे, तिथेही संस्कृत मदतीला येतं, एफेरेतो म्हणजे अभरत, एफेरोन्तो म्हणजे अभरन्त. आणि ‘असणे’चं रूप वेगळं पाठ करावंच लागतं, एन म्हणजे ‘होता, होती, होतं’, एसान म्हणजे ‘होते’, याला आसन् शेजारी ठेवून बघा. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलं वाक्यच ‘एन आर्खे एन हो लोगोस’ आहे, त्यातला पहिला एन ‘मध्ये’ आणि दुसरा एन ‘होता’. लिहिताना वेगळे असतात, पहिल्यात ऱ्हस्व ए, दुसऱ्यात दीर्घ.

मराठी माणसाची एक खास चूक इथे होते. आपण भूतकाळात क्रियापद कर्माकडे बघून वळवतो, मी पत्र लिहिलं, मी चिठ्ठी लिहिली, तिने चार ओळी लिहिल्या. तो गेला, ती गेली. ग्रीकला यातलं काही नको. क्रियापद फक्त कर्त्याचा पुरुष आणि वचन बघतं, लिंग बघतच नाही. चिठ्ठी असो नाहीतर महाकाव्य, ‘मी’ असेल तर एग्राप्सा. ‘ने’ लावायची सवय डोक्यातून काढा, माझा एक महिना त्यात गेला.

ऑरिस्ट: स घाला

पुढे ए, धातू, मग स, मग प्रत्यय, आणि या प्रत्ययांत आ हा स्वर फिरत राहतो. एग्राप्सा, एग्राप्सास, एग्राप्से, एग्राप्सामेन, एग्राप्साते, एग्राप्सान. संस्कृतच्या लुङ्‌मध्येही हा स असतो, अनैषीत्‌मधला ष तोच, फक्त शाळेत हा लुङ् नावाचा भूतकाळ कुणी शिकवत नाही.

स येऊन धडकला की व्यंजनं बदलतात, तेवढे तीन नियम. ओठांची व्यंजनं (प, ब, फ) अधिक स म्हणजे प्स, म्हणून ग्राफ-चं ग्राप्स. घशाकडची (क, ग, ख) अधिक स म्हणजे क्स, दिओको (पाठलाग करतो) याचं एदिओक्सा. दातांची (त, द, थ) असतील तर ती गायब होतात आणि नुसता स उरतो, पेइथो (पटवतो) याचं एपेइसा. प्स आणि क्स यांना ग्रीकमध्ये एकेक स्वतंत्र अक्षरच आहे, साय आणि झाय, म्हणून डोळ्याला ते पटकन दिसतात.

धातूच्या शेवटी ल, म, न, र असेल तर स टिकत नाही आणि जाताना आधीचा स्वर लांबवून जातो. मेनो (थांबतो) याचं एमेइना. आणि पोइएओ (करतो, बनवतो) सारखी जी क्रियापदं शेवटी स्वर घेऊन येतात ती स लावायच्या आधी तो स्वर दीर्घ करतात, एपोइएसा.

स न घेणारे

आता खरी डोकेदुखी. काही क्रियापदं ऑरिस्टला स घेतच नाहीत, ती धातूच बदलतात आणि वर अपूर्ण भूतकाळाचेच प्रत्यय लावतात. लेइपो (सोडून जातो, संस्कृतचा रिच्, ‘रिक्त’मधला) याचा अपूर्ण एलेइपोन आणि ऑरिस्ट एलिपोन. फेउगो (पळतो) याचा एफेउगोन आणि एफुगोन. लाम्बानो (घेतो) याचा एलाम्बानोन आणि एलाबोन. मान्थानो (शिकतो) याचा एमान्थानोन आणि एमाथोन. नियम म्हटला तर हाच, ऑरिस्टचा धातू अंगाने बारीक असतो, वर्तमानकाळाचा धातू खाऊन पिऊन असतो. सगळ्यात वाईट बाल्लो (फेकतो), एबाल्लोन म्हणजे ‘फेकत होतो’ आणि एबालोन म्हणजे ‘फेकलं’, मध्ये एका ल चा फरक. एका ऑनलाइन क्लासच्या टेस्टमध्ये मी सगळे एबालोन ‘फेकत होते’ असे लिहून आले, दगड शेवटपर्यंत हवेतच राहिले.

काहींचा धातू तर पूर्ण वेगळाच. एर्खोमाई (येतो, जातो) पण एल्थोन (आलो, गेलो), होराओ (बघतो) पण एइदोन, एस्थिओ (खातो) पण एफागोन, फेरो पण एनेन्कोन. तक्रार करायच्या आधी आपल्याकडे बघा, ‘जातो’चं ‘गेला’ कसं होतं ते एखाद्या परदेशी माणसाला समजावून दाखवा. अशी वीस-पंचवीस क्रियापदं आहेत आणि दुर्दैवाने तीच सगळ्यात जास्त वापरतात, म्हणून याद्या करून भिंतीला लावा, दुसरा उपाय नाही. आणि पहिल्या दिवसापासून क्रियापद एकटं पाठ करू नका, त्याचा ऑरिस्ट जोडीने पाठ करा: लाम्बानो-एलाबोन, एर्खोमाई-एल्थोन, पाढ्यासारखं.

पर्फेक्ट: पहिलं अक्षर दोनदा

ग्राफो, गेग्राफा. पहिलं व्यंजन ए लावून पुढे परत म्हणायचं. बऱ्याच क्रियापदांत शेवटी का पण येतो. हे संस्कृतच्या लिट्‌चं भावंड (लिट् म्हणजे तिथला आणखी एक भूतकाळ), चकार, बभार. आणि बभारमध्ये भ चा ब का होतो, भभार का नाही? एका शब्दात लागोपाठ दोन महाप्राण दोन्ही भाषांना नकोसे. ग्रीकमध्येही फिलेओ (प्रेम करतो) याचं पेफिलेका होतं, फेफिलेका नाही. हा नियम 1863 साली हेरमान ग्रासमान याने मांडला आणि अजून त्याच्याच नावाने ओळखतात, गंमत म्हणजे हा माणूस मुळात गणिताचा.

वापर कळायला दोन उदाहरणं पुरे. आर्किमिडीजचं ‘युरेका’ सगळ्यांना माहितीय, ते हेउरेका, पर्फेक्ट, म्हणजे ‘सापडलंय मला!’ (स्वराने सुरू होतं म्हणून दुहेरी अक्षर नाही, पण शेवटचा का बघा). आणि योहानाच्या शुभवर्तमानात रोमन अधिकारी पिलात याने येशूच्या क्रुसावर लावलेल्या पाटीवर लोक हरकत घेतात तेव्हा तो म्हणतो, ‘हो गेग्राफा, गेग्राफा’. जे लिहिलंय ते लिहिलंय. तिथे ऑरिस्ट वापरला असता तर नुसतं ‘लिहिलं’ झालं असतं, पर्फेक्टमुळे पाटी तिथे लटकलेली आहे आणि उतरणार नाही हे कळतं. तसंच आपेथाने म्हणजे ‘मेला’, तेथ्नेके म्हणजे ‘मेलाय, मेलेला आहे’.

प्लुपर्फेक्ट म्हणजे या दुहेरी अक्षराच्याही पुढे ए. भेटला की ओळखा, बनवायच्या मागे लागू नका.

मग कधी कोणता?

या प्रश्नाचं उत्तर मला मातीच्या भांड्यांनी दिलं. इ.स.पू. सहाव्या शतकात अथेन्समध्ये एक्सेकिआस नावाचा कुंभार-चित्रकार होता, त्याची सही अशी, ‘एक्सेकिआस एग्राप्से कापोइएसे मे’. एक्सेकिआसने मला रंगवलं आणि मला घडवलं. (ग्राफो मुळात खरवडणे, त्यावरून चित्र काढणे आणि लिहिणे दोन्ही. कापोइएसे म्हणजे काई आणि एपोइएसे एकत्र बोललेले.) दोन्ही ऑरिस्ट, भांडं भट्टीतून निघालं, काम संपलं. आता रोमचा थोरला प्लिनी त्याच्या ज्ञानकोशाच्या प्रस्तावनेत सांगतो की आपेल्लेस, पोलिक्लेइतोस असे मोठे कलाकार मात्र सही करताना अपूर्ण भूतकाळ वापरायचे, म्हणजे ग्रीकमध्ये एपोइएइ, ‘घडवत होता’. जणू काम अजून चालूच आहे, चूक काढलीत तर अजून दुरुस्त करू. एका प्रत्ययाने केवढी नम्रता, किंवा केवढा आगाऊपणा, ज्याने त्याने ठरवावं.

अपूर्ण भूतकाळाचा अजून एक उपयोग मराठीला आपोआप कळतो. एपेइथोन आउतोन म्हणजे ‘मी त्याला पटवत होतो’, पटलं की नाही माहीत नाही, बहुतेक नाहीच. एपेइसा आउतोन म्हणजे ‘पटवलं’. इंग्रजी पुस्तकात यावर अख्खा परिच्छेद असतो. उलट बाजूने, एबासिलेउए म्हणजे ‘राज्य करत होता’ आणि एबासिलेउसे म्हणजे बऱ्याचदा ‘राजा झाला’, गादीवर बसला तो क्षण. आपण ‘आजारी होता’ आणि ‘आजारी पडला’ म्हणतो तसं.

सावध राहायची एक जागा. हा पुढचा ए फक्त साध्या विधानातल्या भूतकाळाला लागतो. आज्ञा, तुमन्त, धातुसाधितं यांच्यात ऑरिस्टचा स दिसेल पण ए नसेल, आणि ए नसेल तिथे ‘भूतकाळ’ असं डोळे मिटून भाषांतर करू नका. ग्राप्साई म्हणजे नुसतं ‘लिहिणं’, एकदाचं. होमरमध्ये तर भूतकाळातही ए कितीतरी वेळा गायब असतो, वेदांत अ गायब असतो तसाच. गीतेतलं ‘मा शुचः’ आठवा, तोही अ टाकलेला लुङ्‌च आहे.

उलटं चालायला शिका

वाचताना काम उलटं असतं, रूप समोर आणि क्रियापद शोधायचं. मी सुरुवातीला सगळं डिक्शनरीत एप्सिलॉनखाली शोधत बसायचे, अर्थात काही सापडायचं नाही, कारण डिक्शनरी वर्तमानकाळाने लावलेली असते. क्रम असा ठेवा: आधी उपसर्ग आहे का बघा, मग ए काढा, मग मागचा प्रत्यय काढा, मग प्स किंवा क्स असेल तर तो फोडा, आणि जे उरेल त्याला ओ लावून शोधा. सापडलं नाही तर बहुतेक ते स न घेणाऱ्यांपैकी आहे, भिंतीवरची यादी बघा.

सरावाला झेनोफोन या ग्रीक लेखकाचं अनाबासिस घ्या, गद्य सोपं आहे आणि पहिल्याच परिच्छेदात सगळा माल मिळतो. पहिलं वाक्य वर्तमानकाळात आहे, त्याने गडबडू नका, आपणही गोष्ट सांगताना ‘तेवढ्यात राजा येतो’ म्हणतोच. दुसऱ्या वाक्यात राजा दारेइओस एस्थेनेइ, आजारी होता, ह्युपोप्तेउए, आता आपला शेवट आला असं त्याला वाटत होतं, आणि एबूलेतो, दोन्ही मुलं जवळ असावीत अशी त्याची इच्छा होती. तीन अपूर्ण भूतकाळ ओळीने, काही घडत नाहीये, नुसता आजारपणाचा काळ पसरलाय. मग धाकट्या मुलाबद्दल, कुरोसबद्दल सांगताना येतं एपोइएसे, त्याला प्रांताचा सत्रप (सुभेदार) केलं, आणि आपेदेइक्से. हे शेवटचं रूप स्वतः फोडून बघा. आपो उपसर्ग, त्याचा ओ गेलेला. मध्ये ए. मागचा ए प्रत्यय, ‘त्याने’. क्स फोडला तर क आणि स. उरलं देइक, म्हणजे दाखवणे, संस्कृतचा दिश्. इथे मात्र ओ लावून शोधलं तर फसाल, डिक्शनरीत ते आपोदेइक्नुमी म्हणून बसलंय, मि-वाल्या क्रियापदांमध्ये, ददामिसारखं. अर्थ: जाहीर नेमणूक केली, सेनापती म्हणून.